चिपळूणच्या पुराचा विमा क्लेम, माझा अनुभव

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गोडाऊनमध्ये शिरलं, सिमेंटच्या गोण्या जागेवरच दगड झाल्या. विमा कंपनीचा सर्वेअर (नुकसान तपासणारा) येऊन फोटो काढून गेला आणि मग दोन महिने फोन केला की एकच उत्तर, "फाईल वर गेलीय". शेवटी मुंबईच्या ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा रिइन्शुरन्स मॅनेजर मॅडम भेटल्या, कागदावर रेघा मारून समजावलं त्यांनी, की कंपनी स्वतःचाही विमा उतरवते, थोडा हिस्सा जीआयसी री या सरकारी रिइन्शुरन्स कंपनीकडे जातो, आणि एवढा मोठा पूर आला की ठरलेल्या रकमेच्या वरचा बोजा असे रिइन्शुरर (कंपनीचा विमा उतरवणारे) उचलतात, पण ते त्यांचं आपापसातलं, त्यासाठी ग्राहकाचे पैसे अडवायचे नसतात. आठवड्यात पैसे जमा! कंपनीला दोन स्टार, मॅडमना मात्र पाचच्या पाच.