अल्टरनेटर: घरी खोलायचा, कुर्ल्याचा जुना घ्यायचा की नवा?

डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा पेटला म्हणून अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) गेलाच असं नाही. आधी तो फिरवणारा बेल्ट बघा, मग मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघण्याची’ गॅरेजातली जुनी खोड मात्र नको. व्होल्टेज उसळून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो.

व्होल्टेज कमी, पण आवाज नाही? मग बहुधा कार्बन (आतल्या फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, करंट पोचवणारे छोटे ठोकळे) झिजलेत किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अल्टरनेटरच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही करंट असतो. पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच. बेल्ट कसा फिरतो त्याचा फोटो काढा, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सैल करा, कनेक्टर आणि बोल्ट सोडवा. अडकला तर पहार घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमचा कान तुटतो. खोलण्याआधी दोन्ही झाकणांवर खुणेची रेघ ओढा. मल्टिमीटरवर रोटरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये (ज्यांवर कार्बन घासतात) साधारण २ ते ५ ओम यावेत, रिंग आणि रोटरच्या लोखंडात काहीच नाही. तिथे रीडिंग आलं तर रोटर बाद, नुसते कार्बन बदलून भागणार नाही. रिंगांवर खोल चरे पडले असतील तर नवे कार्बनही लवकर खपतात. बसवताना कार्बन मागे दाबून भोकातून तार घालून ठेवा, नाहीतर ते तुटतात.

घरघर असेल तर बेअरिंग. इथे पुलर आणि प्रेस लागतो, त्यामुळे ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच न्या. एसीचा डीसी करणाऱ्या डायोड प्लेटचंही तसंच, ती बऱ्याचदा झाळलेली असते.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना स्वस्तात मिळतो, पण पावसात तुंबलेल्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा निघाला तर पैसे पाण्यात. पुली हाताने फिरवा, खरखर नको. मागच्या जाळीतून आत पांढरी बुरशी किंवा चिखल दिसला तर सोडून द्या. आपला काढलेला सोबत न्या आणि अँपिअर, पुलीच्या खाचा, कनेक्टरच्या पिना, बोल्टची भोकं जुळवून बघा.

स्टेटर (रोटरभोवतीची स्थिर तारांची गुंडाळी) जळका वास मारत असेल, किंवा रोटर आणि डायोड प्लेट दोन्ही गेली असतील, तर दुरुस्तीचा हिशेब बसत नाही. नवाच घ्या, आणि बेल्टला चिरा असतील तर त्याच फेरीत तोही बदला.