नवतप्यातही न वितळणारी जेली

आमच्या आर्वी तालुक्यात मे महिन्यात, त्यातही नवतप्यात म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भरदुपारी लाइन गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आतच पातळ होते आणि आमच्याकडे पारा ४५ला टेकतो. मग पोट्ट्यांना जेली खाऊ घालायची कशी? यंदा किराणा दुकानातून चायना ग्रास आणलं, दोऱ्यांचं, १० ग्रॅमचं पाकीट. समुद्री शेवाळापासून करतात हे. पाकिटावर हिरवा ठिपका, त्यामुळे माळकरी सासूबाईंनीही वाटी पुढे केली. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं, त्याला त्यांनी हात लावला नसता.

दोरे कात्रीने बारीक कापून थंड पाण्यात अर्धा तास भिजवायचे आणि त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायचे. घाई चालत नाही. पळी वर उचलून धार बघायची. काचेसारखे तुकडे दिसले तर अजून शिजू द्यायचं. पाकिटावर अर्धा लिटर लिहिलंय, पण तेवढ्यात फार टणक होते. मी पाऊण लिटर धरते. साखरही त्यातच विरघळवते.

मी कैरीची केली. पन्ह्याचा गर मात्र गंज (पातेलं) खाली उतरवल्यावरच घालायचा. आंबट सोबत उकळलं की चायना ग्रासचा जोर जातो, जेली लिबलिबीत राहते. वर वेलदोडा, चिमूटभर काळं मीठ, आणि कोपरात (परातीत) ओतलं. हे सगळं पहाटे करावं, कारण ही जेली जमायला ४०च्या खाली यावं लागतं आणि दुपारी आमच्या स्वयंपाकघराचा तेवढा भरवसा नाही. एकदा जमली की मात्र ८५ अंशांपर्यंत तापवल्याशिवाय पातळ होत नाही. लाइन नसताना दुपारी वड्या कापल्या, कडा जशाच्या तशा! टरबुजाच्या रसाचीही छान झाली, रंग तर काय सुंदर. ताज्या अननसाची किंवा पपईची करायची असेल तरी हेच घ्या, त्या फळांपुढे जिलेटिन जमतच नाही.

आता खोड्या. जिलेटिनची जेली तोंडात विरघळते, थरथरते; ही तशी नाही, दाताखाली तुकडे पडतात. मोठ्या पोराने पहिल्याच घासाला विचारलं, "आई, ही हलत काहून नाही?" दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, म्हणून केली त्या दिवशीच संपवावी. गरम असताना किंचित समुद्री वास येतो, कैरीत तो दबतो, पण नुसत्या दुधात जाणवला. आणि पाकिटावरची कृती इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत, की सासूबाईंचा चष्मा लावूनही जेमतेमच वाचता आली.

भुकटीही मिळते, ती लवकर विरघळते म्हणतात. आमच्या दुकानात दोरेच होते. पाहुणे यायचेत, म्हणून आणखी दोन पाकिटं आणून ठेवलीत.