प्लांटच्या नियमाप्रमाणे गाडीला पिवळं बीकन आणि रिव्हर्स हॉर्न: मकरपुऱ्यातल्या दुकानाचा अनुभव

नंदेसरी, रणोली बाजूला कॉन्ट्रॅक्टची कामं करणाऱ्या बडोद्यातल्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय. स्वतःची गाडी प्लांटच्या आत न्यायची म्हटली की गेटवर सेफ्टीवाले बीकन (छतावरचा लुकलुकता दिवा), रिव्हर्स हॉर्न (गाडी मागे घेताना वाजणारा), रिफ्लेक्टिव टेप, स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू न देणारा) सगळं तपासतात, एक जरी कमी असलं तरी गाडी बाहेर आणि कॅलिब्रेशनचं सामान हातात घेऊन उन्हातून चालत जायचं. माझ्या बोलेरोचं हे काम मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे करून घेतलं आणि काम एक नंबर झालंय.

आधी शहरातल्या एका कार डेकोरवाल्याकडे विचारलं होतं. त्याचं म्हणणं, बीकन कशाला, आत शिरलात की चारही इंडिकेटर चालू ठेवा आणि बल्ब काढून एलईडी टाकून देतो, लांबून चमकतील. हा सल्ला बरेच जण देतात म्हणून सांगतो, अजिबात ऐकू नका. हॅझार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, चालू असताना तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे हे मागच्याला कळतच नाही, आणि प्लांटच्या चौकात समोरून फोर्कलिफ्ट येत असते, त्याच्यापुढे आधीच पॅलेट असल्यामुळे त्याला निम्मं दिसत नसतं, तिथे तुमचा इंडिकेटर दिसणं फार गरजेचं आहे. शिवाय साधे बल्ब २१ वॅटचे, चार म्हणजे ८४ वॅट, पेटलेले असताना १२ व्होल्टला ७ अँपिअर, लुकलुकतात म्हणून सरासरी त्याच्या निम्मे धरा, पण इंजिन बंद ठेवून दुपारभर चालू राहिले तर संध्याकाळी धक्का मारायला माणसं शोधा. एलईडी टाकले तर करंट इतका कमी खेचतात की जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला) बल्ब उडाला असं वाटतं आणि इंडिकेटर डबल स्पीडने टकटक करायला लागतो. त्याच्यावर उपाय म्हणून जास्तीचा करंट खेचणारा लोड रेझिस्टर लावतात, तो एवढा तापतो की प्लास्टिकला टेकला तर वितळवतो. म्हणजे गाडीची मूळची चांगली सिस्टीम बिघडवायची आणि सेफ्टीवाला तरी पास देणार नाहीच.

मकरपुऱ्यातल्या भाईंनी गाडीकडे बघायच्या आधी विचारलं, "पहेला कागळ बतावो." प्लांटचा लेखी नियम दाखवा, मग बोलू. मला हे फार आवडलं. आमच्या कागदात लिहिलंय, पिवळा फ्लॅशिंग लाईट, छतावर, चारही बाजूंनी दिसणारा, आणि रिव्हर्स अलार्म आपोआप वाजणारा, त्याला बंद करायचं बटण नको. त्यांनी ओळ न् ओळ वाचून तेवढंच केलं, जास्तीचं काही गळ्यात मारलं नाही.

बीकन एलईडीचं, मॅग्नेटवालं, आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाणारं), आर ६५ चा मार्क असलेलं. आर ६५ हे अशा फिरत्या-लुकलुकत्या लाईटचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात सेकंदाला २ ते ४ फ्लॅश अशी मर्यादा आहे. बिनमार्कचं स्वस्तातलं बीकन रात्री छान दिसतं पण मे महिन्याच्या दुपारी चालू आहे की बंद तेच कळत नाही. लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खोचून सोडली असती तर पहिल्याच स्पीडब्रेकरला ढिली झाली असती, म्हणून त्यांनी डॅशखाली लॉक होणारं वेगळं सॉकेट बसवलं, बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज, मध्ये इग्निशनवर चालणारा रिले (चावी फिरवली की सप्लाय चालू करणारा स्विच), वायर सगळी कॉन्ड्युटमधून (संरक्षक नळीतून) आणि पत्र्यातून जाते तिथे वायर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट. कंपनीची वायर कुठेही सोलली नाही, कपलरला कपलर, उद्या काढलं तर गाडी जशीच्या तशी. डॅशवर एक छोटी पायलट लाईट दिली, मात्र ती फक्त सप्लाय आला एवढंच सांगते, वरचं बीकन खरंच लुकलुकतंय का ते गेटवर उतरून बघावं लागतंच.

रिव्हर्स हॉर्नबद्दल, "गाडीत सेन्सर आहेत की" असं म्हणणारे खूप भेटतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले हे खरं, पण तो बीप आत बसलेल्या ड्रायव्हरसाठी असतो, मागे वाकून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हेल्परला त्याचा काय उपयोग? हॉर्न ९७, १०७, ११२ डेसिबल असे येतात. आम्ही राहतो दांडिया बाजारच्या गल्लीत, रात्री अकराला गाडी मागे घेताना ११२ वाजला तर सगळी आळी जागी होईल आणि बटण ठेवायला तर परवानगी नाही. भाईंनी स्वतःहून आजूबाजूच्या आवाजाप्रमाणे कमीजास्त होणारा हॉर्न सुचवला, आवाज असेल त्याच्या निदान ५ डेसिबल वर वाजतो. कंप्रेसरजवळ दणदणीत, घराजवळ माफक. ह्याचे पैसे थोडे जास्त पडले पण मला शंभर टक्के पटले.

एक सांगतो, प्लांटच्या बाहेर पडताना बीकन काढून सीटखाली ठेवायचं. हायवेच्या वाऱ्यात मॅग्नेटचा भरवसा नाही आणि गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. लाल किंवा निळा तर कोणी फुकट दिला तरी नको, १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरले. आणि हे बीकन फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरचा गॅस पेटू न देणारं) नसतं, त्यामुळे जिथे गॅस किंवा व्हेपरची शक्यता आहे अशा भागात गाडी न्यायची नाही, ठरवून दिलेल्या रस्त्यावरच ठेवायची. स्पार्क अरेस्टर ह्यांच्याकडे मिळत नाही, तो पेसोची (स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या सरकारी संस्थेची) मान्यता असलेलाच दुसरीकडून घ्या.

आता खटकलेलं. फोन उचलत नाहीत. सकाळचा टाइम देऊन गाडी संध्याकाळी हातात दिली. जीएसटीचं बिल मागितल्यावरच मिळालं, आपल्याला ते कॉन्ट्रॅक्टच्या खर्चात दाखवायचं असतं म्हणून आधीच सांगून ठेवा. मॅग्नेटखाली पातळ रबर शीट घातली नाही तर छताच्या रंगावर ओरखडे पडतात, ती त्यांनी द्यायला हवी होती, मी नंतर घेतली. सगळं मिळून खर्च ५ हजारांच्या आत बसला. जाताना नियमाची झेरॉक्स न्या आणि दुकान उघडताच पोचा, अकरानंतर टेम्पोवाल्यांची रांग लागते.