बाबांच्या नावावर घेतलेलं डायपर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी एक कबुली. माझे वडील २००४ साली गेले. तरी गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या भागातल्या एका मेडिकलवाल्याच्या लेखी ते अंथरुणाला खिळलेले होते, लार्ज साइज वापरत होते आणि विचारलं की त्यांची तब्येत 'आहे तशीच' असायची. ही थाप मला चांगलीच महागात पडली.

माझं वय ६४. सहकारी बँकेत ३३ वर्षं कॅशियर होतो, पुण्यात धनकवडीला राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये ऑपरेशन करून प्रोस्टेटची ग्रंथी काढली. दोन आठवडे लघवीची नळी होती, तोवर निवांत होतो, सगळं पिशवीत जात होतं. नळी निघाली आणि खरा खेळ सुरू झाला. खुर्चीतून उठलो की गळती, शिंकलो की गळती, हसलो तरी गळती. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, बहुतेकांचं तीन महिन्यांपासून वर्षभरात आटोक्यात येतं, तोवर डायपर वापरा. वापरा म्हणाले. दुकानात जाऊन मागायचं कसं, ते कोणी सांगत नाही.

हॉस्पिटलमधून मिळालेले दहा नग तीन दिवसांत संपले. चौथ्या दिवशी, आपल्या भागात नको म्हणून, बसने थेट स्वारगेटला गेलो. पहिल्या दुकानात एक बाई उभ्या होत्या, म्हणून खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दुकानात काउंटरवर विशीतली मुलगी होती, म्हणून पुन्हा खोकल्याच्या गोळ्या. तिसऱ्यात कोणीच गिऱ्हाईक नव्हतं, पण मालकाने 'बोला काका' म्हटल्यावर तोंडातून टूथपेस्ट निघाली. चार दिवसांत घरात गोळ्यांची सहा पाकिटं जमली. खोकला मात्र कोणालाच नव्हता. हिने विचारलं, "अहो, एवढ्या गोळ्या कशाला?" मी म्हटलं, स्कीम होती.

शेवटी गळती जिंकली. घराजवळच्याच मेडिकलमध्ये शिरलो आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणालो, "ते... मोठ्यांचं डायपर आहे का?" काउंटरवरच्या पोराने मान वर करून पोटमाळ्याकडे बघत हाळी दिली, "ए पक्या, मोठ्यांचं डायपर टाक रे एक!" वरून प्रश्न आला, "साइज काय?" पोराने मला विचारलं, "कोणासाठी हवंय काका?" माझ्या मागे दोन जण उभे. मी म्हणालो, "वडिलांसाठी." "कंबर किती?" आता वडिलांची कंबर कुठून आणू? नकळत स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणालो, "माझ्याएवढीच." वरून उशीएवढं पाकीट खाली आलं, पोराने क्रिकेटच्या बॉलसारखं झेललं. "अंथरुणावरच असतात ना? मग टेपवालं घ्या, घालायला सोपं."

मी मान डोलावली. एवढ्या एका मान डोलावण्यापायी पुढचा दीड महिना चुकीचा माल वापरला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्यांच्या डायपरचे मुख्य प्रकार दोन. टेपवालं म्हणजे दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या असतात. झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवून खाली सरकवायचं आणि पट्ट्या लावायच्या. पॅन्ट टाइप म्हणजे इलास्टिकची चड्डीच, उभ्याने पाय घालून वर ओढायची. चालत्या-फिरत्या माणसाला दुसरा प्रकार लागतो. मी टेपवालं बाथरूमच्या भिंतीला पाठ टेकवून, दोन गुडघ्यांत धरून, एका हाताने पट्टी ओढत लावायचो. एक बाजू घट्ट, दुसरी ढिली. जिना उतरेपर्यंत खाली सरकलेलं असायचं, आणि पट्टी एकदा चुकीच्या जागी चिकटली की उपटताना प्लास्टिकच फाटायचं. दिवसाला चार लागायची, सरासरी चाळीस रुपयांना एक, म्हणजे महिन्याला जवळजवळ पाच हजार. त्यातली रोज एखाद-दुसरी घालतानाच वाया.

तिकडे दुकानात बाबांची प्रकृती हा विषय वाढत चालला होता. मालक स्वभावाने चांगला. "पाठीला जखमा होऊ देऊ नका हं, दर दोन तासांनी कूस बदला." एकदा एअर बेडची माहिती दिली. एकदा 'एवढ्या वयात सेवा करताय, पुण्य लागेल' म्हणाला. त्या दिवशी पाकीट काखेत मारून घरी येताना अक्षरशः तोंड लपवावंसं वाटलं. डायपर मागायची लाज एव्हाना उरली नव्हती, तिच्या जागी खोटेपणाची आली होती.

मध्ये ऑनलाइनचा मार्ग करून बघितला. दुकानात चारशेला मिळणारं पाकीट साडेतीनशेच्या आत पडलं, पण मी बाहेर गेलो असताना खोकं वॉचमनकडे ठेवून गेले. खोक्यावर काय आहे ते हातभर चित्रासकट छापलेलं. वॉचमन हसतमुखाने म्हणाला, "काका, नातू झाला वाटतं!" मी हो म्हणालो. म्हणजे वडील जिवंत झालेच होते, आता नातवाचाही जन्म झाला.

शेवटी हिलाच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं कीव करेल. ही म्हणाली, "अहो, मी तीस वर्षं दुकानातून कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून आणलं. तुम्हाला कधी दिसलं तरी का?" खरंच दिसलं नव्हतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मी बँकेत सगळ्यांना तिचे फायदे समजावून सांगत होतो. ती काळी पिशवी कशासाठी असते, हे डोक्यातही आलं नव्हतं. तिने त्या दिवशी तिचं एक पॅडही काढून दिलं. अडीनडीला चाललं, पण लघवी एकदम येते, ते तेवढं झटपट शोषत नाही, दोन्ही कडांनी वाहतं.

ऑक्टोबरच्या शेवटी एका लग्नाला कोल्हापूरला जायचं होतं. साडेपाच-सहा तासांचा प्रवास आणि टेपवाल्याचा भरवसा शून्य. दुकानात गेलो. गर्दी होती, थांबलो नाही. म्हणालो, "हे मला नको. मला चालता-फिरता वापरायचंय." मालकाने विचारलं, "म्हणजे, बाबा चालायला लागले?" मी म्हटलं, "बाबा नाहीत. माझ्यासाठीच नेत होतो. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय."

तो दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला. "मग पॅन्ट टाइप न्यायचं ना काका! दीड महिना हे कशाला नेलंत?" आणि वर तोंड करून, "पक्या, पॅन्टवालं लार्ज!" मागे उभे असलेले गृहस्थ मोबाइलवर इन्शुरन्सच्या हप्त्याबद्दल कोणाशी तरी भांडत होते. भांडतच राहिले.

३३ वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. खिडकीतून आलेली स्लिप बघायची, नोटा मोजायच्या, पुढचा नंबर. कोणाच्या खात्यात किती आहे ते घरी जेवताना आठवायचं नाही. आठवायचे ते चाचरणारे, 'जरा बाजूला या' म्हणणारे, उगाच लांबण लावणारे. हे मला पाठ असून बाहेरच्या बाजूला उभा राहिल्यावर मी ते विसरलो. आता मी सरळ सांगतो : पॅन्ट टाइप, लार्ज, दहाचं पाकीट. माप आणि प्रकार सांगितला की दुकानदार मालाबद्दल बोलतो, तुमच्याबद्दल नाही.

आता मालाबद्दल. आमच्याकडच्या दुकानांत बहुधा फ्रेंड्स नाहीतर लिफ्री मिळतं. मी चार-पाच कंपन्यांची पाकिटं वापरली, पण नंबर लावत बसत नाही, कारण माझ्या पोटाला बसेल ते तुमच्या पोटाला बसेलच असं नाही. कंबर टेपने मोजा, पॅन्टचा नंबर सांगू नका. मी ३६ ची पॅन्ट पोटाखाली घालतो. बेंबीवरून मोजल्यावर ४० भरलं. एक साइज मोठं घेतलं की जास्त शोषेल हा गैरसमज मलाही होता. मोठं घेतलं की मांडीपाशी फट राहते आणि तिथूनच गळतं.

पाकिटावर लिहिलेल्या तासांवर जाऊ नका. मी एक नग स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरून स्टीलच्या पेल्याने पाणी ओतून पाहिलं (ही माहेरी गेली होती). तीन पेले आत गेले, वरचा कापूस बोटाला जेमतेम दमट लागला. मग कात्रीने फाडलं. आत कापसासारखा लगदा आणि त्यात साबुदाण्याच्या खिरीसारखं घट्ट जेल. ते सोडियम पॉलिॲक्रिलेट नावाच्या पावडरीचं होतं. दुसऱ्या नगात पाण्यात मीठ घालून ओतलं, तर जेल बरंच सैल पडलं आणि दुसऱ्या पेल्यालाच कडा ओल्या झाल्या. ही पावडर खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा पुष्कळच कमी शोषते, आणि लघवी खारट असते. नळाच्या पाण्याने केलेल्या चाचणीवर विसंबून नाटकाला गेलो असतो, तर मध्यंतरापर्यंतही टिकलो नसतो. मी दिवसा चार-पाच तासांत बदलतो. उन्हाळ्यात एप्रिलनंतर त्याहून लवकर, नाहीतर जांघेत पुरळ येतं. टाल्कम पावडर टाकू नका, ओलीने तिचे गोळे होतात. मला झिंकच्या मलमाचा पातळ थर मानवला.

पॅन्ट टाइपबाबत दोन गोष्टी पाकिटावर नीट लिहिलेल्या नसतात, मी त्या फजिती होऊन शिकलो. एक, काढताना खाली ओढायची नसते. दोन्ही बाजूंच्या शिवणी टर्रकन फाडायच्या आणि पुढून मागे गुंडाळून काढायचं. मी पहिले आठ दिवस पायातून काढत होतो, एकदा पायजमा आणि मोजे दोन्ही गेले. दुसरी पुरुषांसाठी, स्पष्टच लिहितो : वर ओढताना अवयव खालच्या दिशेला ठेवा. वर राहिला तर गळती कमरेतून होते, शर्ट भिजतो आणि आपण कंपनीला शिव्या देतो. मग मांडीच्या कडेने बोट फिरवून आतली झालर बाहेर काढायची. एवढं केलं की कोल्हापूर होतं. मी गेलो, पंगतीत बसलो, तांबडा-पांढराही प्यालो. चालताना सळसळ आवाज येतो तो फक्त आपल्याला ऐकू येतो. वर सुती अंडरवेअर घातली की तोही जातो.

पाणी कमी पिण्याचा शहाणपणा करू नका. मी केला. लघवी गडद झाली, मूत्राशय जास्तच चिडलं, घाई वाढली, डॉक्टर ओरडले. पाणी पुन्हा सुरू केलं, चहा चारवरून दोनवर आणला. खरा फरक पडला तो व्यायामाने. लघवी मध्येच थांबवताना जो स्नायू आवळतो तोच आवळून धरायचा, सोडायचा. फिजिओथेरपिस्टने शिकवला, दिवसातून तीनदा. बसस्टॉपवर उभं राहूनही करता येतो, कोणाला कळत नाही.

बिल बघायची खोड जात नाही म्हणून एक नोंद. माझ्या पहिल्या बिलांवर १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. सॅनिटरी पॅडवरचा २०१८ मध्येच शून्य झालाय. हिला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, तुम्हीही भरा थोडा.

राहिला प्रश्न वापरलेल्याचं काय करायचं. घनकचरा नियमांत वापरलेली डायपर सॅनिटरी कचऱ्यात मोडतात, ती वेगळी गुंडाळून द्यायची असतात. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंनी त्यावर लाल ठिपका काढायला सांगितलं, म्हणजे वर्गीकरण करताना त्यांना पुडी उघडून बघावी लागत नाही. उघड्या हाताने ते उपसणाऱ्या बायकांचा विचार केला की ठिपक्याला कसली हरकत! तरी सुरुवातीला मी रात्री अकराला, दार लावून, जुन्या पेपरात पुडी बांधायचो आणि ठिपका इतका बारीक काढायचो की चष्मा लावूनही दिसू नये. पुढे बँकेतला लाल पेन सापडला, मग पावलीएवढा काढायला लागलो.

तीन महिन्यांनी चारची तीन झाली, मार्चमध्ये दोन. आता मे महिन्यात दिवसा एक पातळ पॅड आणि प्रवास असेल तरच डायपर. उरलेलं टेपवालं अख्खं पाकीट खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दिलं, त्यांच्या आई खरोखरच अंथरुणावर आहेत.

गेल्या आठवड्यात सकाळी ताई कचरा न्यायला आल्या. ओला वेगळा, सुका वेगळा आणि पेपरातली एकच पुडी. त्यांनी ती हातात घेऊन ठिपका बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, बरं वाटतंय ना आता? दिवाळीत चार-चार असायच्या."