मोठ्या अक्षरांचं बायबल : अक्षर झकास, जिपर टुकार

सासूबाई 84 वर्षांच्या. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, तरी जुन्या बायबलातलं बारीक अक्षर त्यांना लागेना. म्हणून नाताळच्या आधी मोठ्या टाइपातलं, जिपरच्या कव्हरचं मराठी बायबल मागवलं. 1,150 रुपये पडले. चार महिने वापरून मग लिहितेय.

अक्षराला पैकीच्या पैकी. वचनांचे आकडे ठळक, ओळी सुट्या सुट्या. कागद पातळ आहे, मागच्या पानाची छाया पडते, पण ट्यूबखाली चालून जातं. जिपर तिसऱ्या आठवड्यात गेली. आणि वजन! किचनच्या काट्यावर 1 किलो 900 ग्रॅम भरलं. मांडीवर घेतलं की दहा मिनिटांत आईंच्या पायाला मुंग्या.

आईंचं वाचन म्हणजे साधं वाचन नव्हे. वर्षात अख्खं बायबल, 1,189 अध्याय, रोज तीन-चार, डोक्यावर पदर घेऊन. पन्नासेक वर्षं हा नेम. गेल्या वर्षी डोळ्यांमुळे यिर्मयाच्या पुस्तकावरच अडकल्या, तर 31 डिसेंबरला रडल्या. म्हणे, "देवाचा हिशेब राहिला गं माझा." कृपा फुकट मिळते हे दर रविवारी उपदेशात ऐकायचं आणि घरी येऊन हजेरीपट मांडायचा, हे आमच्याकडे सगळ्यांचंच. मीही त्यातलीच.

गंमत म्हणजे त्यांची आई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली (दौंडजवळचं केडगाव, आपलं नगरचं नव्हे). निराधार बायका-मुलींसाठी हे मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंची गोष्ट आई रंगवून सांगतात : 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आठेक वर्षांनी बाईंना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालाच नाही. सांगून झालं की चष्मा लावून राहिलेले अध्याय मोजायला बसतात.

संक्रांतीला शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या. तो नेहमीप्रमाणे माझ्या लेकीच्या हातात गेला, आई खात नाहीत. काकूंनी उशीवर टेकवलेलं बायबल पाहिलं आणि संध्याकाळी त्यांची शिसवी ठवणी पाठवून दिली, ज्ञानेश्वरी ठेवून वाचायचं लाकडी स्टँड. "पोथीची ठवणी आपल्याला नको," आई म्हणाल्या. महिनाभर ती सोफ्यामागे पडून होती.

आता मोठी तक्रार. सोनेरी कडांची पानं एकमेकांना चिकटलेली येतात. आमच्या प्रतीत नव्या करारातल्या गलतीकरांस पत्राची दोन पानं अशी घट्ट, की दुसरा अध्याय गायबच. वाचताना आई पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर गेल्या आणि म्हणाल्या, "छापायचं विसरले मेले." मी लोण्याच्या बोथट सुरीने कडेकडेने सोडवत गेले. कोपरा थोडा फाटलाच. मग त्यांनी मोठ्याने वाचलं : अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसायचा, यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आल्यावर त्यांच्या भीतीने वेगळा बसायला लागला, आणि हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने सगळ्यांसमोर त्याला खडसावलं. मोशेच्या नियमशास्त्रातल्या कृत्यांनी कोणी नीतिमान ठरत नाही, हे त्याच भांडणात लिहिलेलं आहे. तिथे थांबल्या. चष्मा पुसला.

"हे माहीत होतं मला. पण एवढं मोठं लिहिलेलं नव्हतं."

जरा वेळाने विचारलं, "ती ठवणी कुठे टाकलीस?"

तेव्हापासून बायबल ठवणीवर आहे. मुंग्या बंद. पदर आहेच, पण अध्याय मोजणं सुटलं. गलतीकरांचं पत्र आठवड्यात चौथ्यांदा चाललंय. घेणार असाल तर दुकानातच सगळी पानं फरफर उलटून बघा, आणि ठवणीचं आधी पाहा.

पाडव्याला काकूंकडून पुरणपोळी आली, ती मात्र नाही खाल्ली. करिंथकरांस पहिलं पत्र, मूर्तींना वाहिलेल्या अन्नाबद्दलचा आठवा अध्याय उघडून दाखवला मला. ते पान चिकटलेलं नव्हतं.