ट्रिगर लोण्यासारखा, बार फुसका

रिव्हॉल्व्हरच्या या हलक्या स्प्रिंगांच्या संचाला पाचपैकी दोन तारे, तेही ट्रिगर पुढे परत आणणाऱ्या रिबाउंड स्प्रिंगसाठी. घोड्याला ठोक्याचा जोर देणाऱ्या मेन स्प्रिंगला मी एकही देणार नाही.

माझं रिव्हॉल्व्हर जुनं, स्मिथ अँड वेसनच्या मधल्या आकाराच्या के-फ्रेमचं, .३८ स्पेशल काडतुसाचं. डबल ॲक्शनला, म्हणजे ट्रिगरच्या एकाच ओढीत घोडा चढवून सोडायचा तेव्हा, ओढताना हल्ली बोट भरून यायचं, म्हणून हा हलक्या स्प्रिंगांचा संच मागवला. पाकिटात पट्टीची एक मेन स्प्रिंग, कमी-जास्त ताकदीच्या तीन रिबाउंड स्प्रिंगा आणि ‘सहज बसते’ असं सांगणारा बोटभर कागद. बसते खरंच सहज. ट्रिगर असा मऊ झाला की घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर उगाचच ओढत बसलो.

रेंजवर ६० पैकी ७ फुसके. खट् आवाज, पुढे काही नाही. (अशा वेळी नळी निशाणाकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. घाईने पुन्हा ट्रिगर ओढलात तर सिलिंडर फिरतो, आणि उशिरा पेटणारं काडतूस तोवर नळीसमोरून बाजूला सरकलेलं असतं. ते तिथे उडालं तर काय होईल, याचा विचार करा.)

आधी संशय स्वतःवरच घेतला, कारण काडतुसं मीच भरलेली. प्राइमर (काडतुसाच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) पूर्ण खाली बसला नसेल तर पहिला ठोका त्याला बसवण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्याला बार निघतो. माझ्या ७ पैकी ४ दुसऱ्या ठोक्याला उडालेही होते. उरलेली काडतुसं सपाट टेबलावर उभी केली. प्राइमर वर आलेलं काडतूस डुगडुगतं. एकही डुगडुगलं नाही. मग कारखान्यातली ५० विकत आणली. त्यातही ५ फुसकी.

तेव्हा कुठे लक्षात आलं की सगळे फुसके डबल ॲक्शनचे होते. घोडा आधी चढवून मारलेला एकही नाही. डबल ॲक्शनमध्ये घोडा सुटण्याआधी तितका मागे जात नाही, म्हणून ठोका आधीच थोडा कमी पडतो. न उडालेल्या प्राइमरवरचा खळगाही उथळ, नखाने खुणावल्यासारखा. मुठीच्या पुढचा, मेन स्प्रिंगवर दाब देणारा स्ट्रेन स्क्रू तपासला, तो पूर्ण घट्ट होता. ट्रिगर हलका करायला लोक हा स्क्रू सैल करतात, ते करू नका. प्राइमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनची टीप शाबूत, पिनच्या भोकात घाण नाही. सिलिंडर मात्र केसभर मागे-पुढे हलत होता. तो पुढे सरकला की ठोक्यातला काही जोर काडतूस पुढे ढकलण्यात जातो. मूळ स्प्रिंगने ही ढील इतकी वर्षं पोटात घातली होती. नवीला ते झेपलं नाही.

पेन्सिलीची जुनी परीक्षाही केली. सिलिंडर रिकामा आहे हे दोनदा पाहिलं, घोडा आधी चढवला, नळी वर धरून खोडरबराची बाजू खाली करून पेन्सिल आत सोडली आणि ट्रिगर ओढला. मूळ स्प्रिंगने पेन्सिल टुणकन बाहेर, संचातल्या स्प्रिंगने जेमतेम नळीच्या तोंडाशी.

विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘फेडरल कंपनीचे प्राइमर वापरा.’ ते नरम असतात हे खरं, स्पर्धेतले नेमबाज त्यासाठीच ते शोधतात. पण मग हे पाकिटावर छापा ना! ज्याला मिळेल ते काडतूस चालवायचंय त्याने काय करायचं? आणि स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या शस्त्रात तर ही मेन स्प्रिंग घालूच नये.

शेवटी मूळ मेन स्प्रिंग परत घातली, रिबाउंड मात्र संचातली मधली ठेवली. त्यानंतर २०० काडतुसं झाडली, एकही फुसकं नाही, आणि ट्रिगर पूर्वीपेक्षा थोडा हलकाच. सगळ्यात हलकी रिबाउंड लावून पाहिली होती, पण ट्रिगर पुढे यायला रेंगाळायचा आणि घाईत मध्येच अडकायचा.

मेन स्प्रिंग परत करायला गेलो. उघडलेलं पाकीट घेत नाहीत म्हणे. न उघडता बसवायची कशी, हे त्या बोटभर कागदावर लिहिलेलं नव्हतं.