चलाचे नाव मॅक्रोने ओळखावे की आपण द्यावे?

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीसाठी भट्ट्यांचे तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम लिस्प कुळातील रॅकेट भाषेत लिहायचा झाल्यास प्रत्येक सेन्सरला एक चल (व्हेरिएबल) लागते आणि अहवालात छापण्यासाठी त्याच नावाची अक्षरमालाही लागते. नाव असे दोनदा लिहिले की ओळ कॉपी करताना चल ‘भट्टी२’ होते, अक्षरमाला ‘भट्टी१’च राहते आणि कंपायलरला त्यात काही वावगे दिसत नाही.

नाव एकदाच लिहून दोन्ही मिळवायचे, तर मॅक्रो, म्हणजे कंपाइल होताना आपल्या जागी दुसरा कोड लिहून देणारी रचना, कामी येतो. पहिला पर्याय व्याख्या करणाऱ्या मॅक्रोचा: (सेन्सर-व्याख्या भट्टी१ ४). येथे नाव मॅक्रोच्या हातातच दिलेले असते, त्यामुळे तो चलही बांधतो आणि अक्षरमालाही बनवतो. कॉमन लिस्पमधील डेफस्ट्रक्ट दिलेल्या नावावरून ‘मेक-’ने सुरू होणारे फंक्शन तयार करतो, तो याच रीतीने. मात्र हा मॅक्रो व्याख्येच्या जागीच चालतो. लेटमध्ये (ठरावीक भागापुरते चल बांधणाऱ्या रचनेत) चलाला किंमत देताना किंवा एखाद्या पदावलीच्या (एक्स्प्रेशनच्या) आत तो वापरता येत नाही.

दुसरा पर्याय नाव ओळखण्याचा: (डिफाइन भट्टी१ (सेन्सर ४)). उजवीकडच्या ‘सेन्सर’ या मॅक्रोला डावीकडचे नाव दिसत नाही, पण रॅकेटमधील सिंटॅक्स-लोकल-नेम हे फंक्शन मॅक्रोचा विस्तार चालू असताना, म्हणजे त्याच्या जागी कोड भरला जाताना, ते विचारून घेते. लिहायला हे सुटसुटीत आणि लेटमध्येही चालणारे. पण कोणी पुढे (डिफाइन भट्टी१ (सरासरी (सेन्सर ४))) असे लिहिले, की सेन्सर हा फंक्शनचा आर्ग्युमेंट ठरतो आणि नावाऐवजी फॉल्स, म्हणजे ‘नाव नाही’ असे उत्तर, मिळते. जावास्क्रिप्टमध्ये २०१५च्या मानकापासून निनावी फंक्शनला चलाचे नाव मिळते, तेही असेच दुसऱ्या फंक्शनच्या कंसात गेले की हरवते. त्याहून फसवे म्हणजे, दुसऱ्या मॅक्रोने आपला सेन्सर ‘टेंप’ नावाच्या तात्पुरत्या चलात ठेवला, तर अहवालातही ‘टेंप’ छापले जाते, आणि तापमानाच्या अहवालात ते कोणाला खटकणारही नाही!

चलाचे नाव बदलले की दोन्हींत अहवालातील नाव बदलते आणि जुन्या नोंदींशी सांधा तुटतो. पहिल्यात निदान व्याख्येचे वेगळे रूप पाहून कोड बदलणारा सावध होतो. दुसऱ्यात ओळ साधी डिफाइनची दिसते. म्हणून वर्षानुवर्षे टिकणाऱ्या नोंदींसाठी मी पहिलाच पर्याय घेईन आणि त्रुटीसंदेशापुरत्या नावांसाठी दुसरा. दुसरा घेणाऱ्याने फॉल्स मिळताच कंपाइल होतानाच त्रुटी द्यावी. ‘सेन्सर१७’ असे नाव आपोआप बनवू नये, कारण रात्रपाळीच्या कामगाराला त्यावरून कोणत्या भट्टीकडे धावायचे ते कळणार नाही.